पदरची ओंजळ

तवा तापला होता आणि चिमणीची आई डब्याचं झाकण हातात धरून तशीच उभी होती. तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र पिठावर पिवळसर टोपी बसली होती. तिने चिमटीत घेऊन चोळलं. गव्हाचं!

"आई, दे ना! पोटात कावळे कोकलताहेत." चिमणीने ताट वाजवलं.

"थांब गं राणी."

या पोरीच्या पोटात गव्हाचा कण गेला की जुलाब, उलट्या. हातापायांच्या नुसत्या काड्या. "ग्लुटेन बंद म्हणजे बंद," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आता कुठे देव पावला होता, फ्रॉक खांद्यात घट्ट होऊ लागला होता. दुकानातल्या ग्लुटेन-फ्री पाकिटाला ही माणसं लांबूनच नमस्कार करत. म्हणून घरीच तांदूळ धुऊन वाळवायचे, आणि गिरणीवाले दादा जातं झाडून सकाळचं पहिलं दळण तिचं घालत.

सासूबाई डोकावल्या. "वरचं काढून टाक की."

"डबा हिंदकळत आणलाय, आई. कुठवर मुरलंय कोण सांगणार?"

"मग काय उकिरड्यावर ओतणार? घरात तांदळाचा दाणा नाही. ओंजळभर गव्हानं काय होतंय?"

आईने तापल्या तव्याकडे पाहिलं. एकच घास. काही नाही झालं तर? मन मोठं लबाड, गरिबीत तर फारच गोड बोलतं. तिने गॅस बंद केला आणि डबा कमरेवर घेऊन निघाली.

गिरणीत रांग होती. ती घरघरीवर ओरडली, "दादा, यात गहू कुणी घातला?"

दादांनी पट्टा थांबवला. पिठाने माखलेल्या तोंडावर हसू. "मीच! नव्या दगडानं दळण गिळलं, माप कमी भरलं. गिऱ्हाइकाचं कमी भरलं तर पदरचं घालावं, ही बापाची शिकवण."

"पण मी जातं झाडायला सांगते ते..."

"दुसऱ्याचं पीठ चालत नाही म्हणालात ना? हे तर माझ्या घरचं!"

खरंच, तेवढंच म्हणाली होती ती. पोरीचा आजार चारचौघांत नको, उद्या तिला नावं ठेवतील, म्हणून. आता रांगेतले सगळे कान टवकारून उभे होते. तरी ती बोललीच.

"माझ्या पोरीला गहू म्हणजे विष आहे, दादा."

"गहू कधी कुणाला बाधतो होय?" रांगेतून एक बाई फिसकन हसली.

दादा हसले नाहीत. "खाल्लं तिनं?"

"नाही."

ते मटकन पोत्यावर बसले. "देवा रे! पुण्य म्हणून घातलं मी."

मग उठले. तिचा डबा आपल्या पिंपात रिकामा केला. "हे आमच्या घरी खपेल." आतून स्वतःचे तांदूळ आणले, डबा धुऊन कोरडा पुसला, दगड उघडून फटीफटीत ब्रश घातला. रांग कुरकुरली. "कुरकुरा," दादा म्हणाले, "पण थांबा."

पीठ काट्यावर चढलं. कमी भरलं. दादांचा हात सवयीने बाजूच्या गव्हाच्या पिंपाकडे गेला. हात मध्येच थबकला, मागे आला, आणि दादांनी तो सदऱ्याला पुसला.

"ताई, माप कमी आहे," खाली मान घालून ते म्हणाले. उभ्या जन्मात असं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

"असू द्या कमी, दादा." तिने झाकण घट्ट लावलं आणि झपझप निघाली. घरी ताट वाजत होतं.