गरम पेला

"हात रिकामा ठेवू नको, ज्ञानू. रिकामा हात दिसला की लोक भरत्यात. आणि थंड काय धरू नको. गरम धर. गरमात कोण ओतत न्हाय."

केरबाचं हे बोलणं ज्ञानूच्या कानात इतकं पक्कं बसलं होतं, की विश्वजितच्या मळ्यात पाऊल टाकताच त्यानं आधी चूल कुठं आहे ते पाहिलं. विश्वजितचा ऊस कारखान्याला गेला होता. रान मोकळं झालं की मळ्याच्या देवाला कोंबडं द्यायचं आणि दोस्तांना जेवू घालायचं, ही त्याच्या घरची राखण. बाभळीखाली सतरंजी पडली होती. बाटल्या हौदातल्या पाण्यात निवत ठेवल्या होत्या, आणि चुलीवर पांढरा रस्सा उकळत होता.

ज्ञानूनं पाण्याचा पेला उचलला, सरळ चुलीकडं गेला आणि रस्सा काठोकाठ भरून घेतला. पेला इतका तापला की रुमालात धरावा लागला. त्याला बरं वाटलं.

दारू टाळायची तर पेल्यात काय घ्यायचं, हे सांगायला सोपं आहे. ज्ञानूनं सगळं करून बघितलं होतं. नुसता सोडा घेतला, तर बाटलीचं टोपण उडाल्याच्या आवाजानंच तोंडाला पाणी सुटायचं. थंडाची बाटली धरली, तर "लेका, ह्यात थोडी जागा हाय की," म्हणून कुणीतरी वरून टाकायचं. ताक धरलं, तर अख्ख्या बैठकीला हसायला कारण मिळायचं. शेवटी केरबाचाच उपाय खरा ठरला. वाफ निघणाऱ्या पेल्यावर कुणी बाटली वाकडी करत नाही.

केरबा आणि ज्ञानू मिसरूड फुटल्यापासून शिरोलीच्या एका फाउंड्रीत एकाच भट्टीवर कामाला. घशातली धूळ धुवायची म्हणून संध्याकाळी बसायचे, आणि धूळ काही संपायची नाही. दोघांनाही डॉक्टरनं एकाच आठवड्यात दम दिला. ज्ञानूनं रोजची होती ती आठवड्यावर आणली, आठवड्याची सणावर. केरबानं मात्र पावसाळ्यात एकदम सोडली. अक्कल आली होती, पण यकृतानं तिची वाट पाहिली नव्हती. दिवाळीच्या आधी तो गेला.

त्याच्या आईनं, धोंडुबाईनं, जोतिबाला नवस बोलला होता. माझ्या लेकानं बाटली खाली ठेवली की माघातल्या पहिल्या रविवारपासून पाच रविवार त्याला तुझ्या डोंगराला अनवाणी चालत पाठवते, पाच खेटे घालून घेते. लेकानं बाटली ठेवली, पण माघ काही बघितला नाही. देवानं आपलं काम केलं होतं. फेडणारा मात्र उरला नव्हता.

राख सावडायच्या दिवशी ज्ञानू तिच्यापुढं बसला आणि म्हणाला, "मावशी, खेटे मी घालतो."

म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं. "घाल. पण माघ लागला की थेंब न्हाय. बाटलेल्या तोंडानं डोंगर चढायचा न्हाय. जमत नसंल तर आत्ताच सांग, मी रागावणार न्हाय."

"जमंल की," ज्ञानू म्हणाला होता.

माघ लागून चारच दिवस झाले होते. परवा पहिला रविवार.

"आरं, ह्यो बघा," जोतीराम सतरंजीवरून ओरडला. फाउंड्रीतला हा तिसरा गडी, तोंडानं फटकळ. "आम्ही अजून चकण्यावर आणि ह्येचं जेवान निम्मं झालं. ज्ञानू, बाळंतीण हायस व्हय रं?"

"सर्दी झालीया," ज्ञानू म्हणाला.

"सर्दीवर औषध हौदात हाय."

सगळे हसले, ज्ञानूही हसला. त्यानं एक घोट घेतला, जीभ पोळली. दुसऱ्यांदा चुलीकडं गेला, पेला पुन्हा भरून आणला. विश्वजितनं बघितलं. विश्वजित मऊ मनाचा माणूस. आग्रह करायचा तोही डोळ्यांत पाणी आणून.

मग केरबाचा विषय निघाला. निघणारच होता. जोतीरामनं गारगोटीच्या लग्नातली गोष्ट काढली. केरबा नवरदेवाच्या घोड्यावर बसून मांडवात आला आणि मुलीच्या मामानं त्यालाच ओवाळलं.

"आणि बेणं म्हणतंय कसं," जोतीरामला हसू आवरेना, "पावणं, आता ओवाळलंसाच तर जेवाय तरी वाढा."

ज्ञानू इतका हसला की डोळे पुसावे लागले. पुसता पुसता ते हसणं राहिलं नाही. खोबऱ्याच्या दुधाची साय पेल्यात वर आली होती. पेला कधी निवला हे त्याला कळलंच नाही.

उपास मोठ्या पंगतीत मोडत नाही. तिथं माणूस सावध असतो. तो मोडतो ओळखीच्या घरी, कुणी मायेनं हातावर ठेवलेल्या चार दाण्यांवर.

विश्वजित खोपीत गेला आणि येताना एक स्टीलचा पेला घेऊन आला. काठाला पोचा पडलेला. ज्ञानूनं लांबूनच ओळखला. केरबा मळ्यात आला की ह्यातच प्यायचा, दुसरा पेला घ्यायचा नाही.

"टाकवंना मला," विश्वजित म्हणाला. पेला भरलेला होता. त्यानं ज्ञानूच्या हातातला गार रस्सा काढून घेतला आणि हा दिला. "त्येच्या नावानं एकदा. सगळ्यांनी. तू त्येचा सगळ्यात जवळचा. तू न्हाय घेतलास तर मग कुणी घ्यायचा ह्यो?"

सगळ्यांनी बोट बुडवून मातीवर थेंब शिंपडले. आता ते सगळे ज्ञानूकडं बघत होते, आणि कुणाच्याच बघण्यात चेष्टा नव्हती. चेष्टा असती तर त्याला उत्तर देता आलं असतं.

हात रिकामा नव्हता. पेला गार होता. केरबानं ह्यावर काही सांगून ठेवलं नव्हतं.

ज्ञानूनं पेला तोंडाला लावला. पोच्याची कड ओठाला लागली. एवढीच त्याला नंतर नीट आठवत राहिली.

दुसरा त्यानं घेतला नाही. जेवला आणि उजेडातच घरी आला. अनुजानं दार उघडलं आणि नवऱ्याचा चेहरा बघितला. खेट्यासाठी आणून ठेवलेला नारळ तिनं कोनाड्यात आणखी आत सरकवला, इतकंच.

शनिवारभर ज्ञानू मनाशी वाद घालत बसला. एकच पेला. तोही मेलेल्याच्या नावानं. म्हातारीला कोण सांगणार? रविवारी पहाटे अंघोळ करून तो कॉटवर बसून राहिला.

"अहो," अनुजा म्हणाली, "जायचं नसंल तर नका जाऊ. पण जाऊन सांगून या. ती वाट बघत उभी असंल."

धोंडुबाईचं घर पंचगंगेच्या अंगाला. नदीवरून धुकं वर आलं होतं. रस्त्यानं खेट्याला निघालेली माणसं अनवाणी चालली होती, मधूनच कुणीतरी चांगभलं म्हणत होतं. म्हातारी खरंच दारात उभी होती. पिशवीत नारळ, गुलाल, खोबऱ्याच्या वाट्या. तिनं हळदीचं बोट त्याला लावायला वर केलं.

ज्ञानू मागं सरला. "नको मावशी. शुक्रवारी मळ्यात घेतली मी. एक पेला. केरबाच्याच पेल्यातनं."

तिचा हात तसाच वर राहिला. मग खाली आला. तिनं ते बोट पदराला पुसलं.

"गोड लागली व्हय रं?"

"न्हाय."

"त्येलाबी शेवटी लागत न्हवती." ती उंबऱ्यावर टेकली. गुडघे कराकरा वाजले. "बोललास ते बरं केलंस. पण डोंगर न्हाय चढायचा तू. औंदा न्हाय. पुढच्या माघाचं पुढं बघू, मी हाय न्हाय कुणाला ठावं."

ज्ञानूला वाटलं होतं ती पुढच्या रविवारचं सांगेल. तो खाली मान घालून उभा राहिला. त्याला रडू आलं असतं तरी बरं होतं.

म्हातारीनं चौकटीला धरून उठायला सुरुवात केली. चपला पायांतून काढल्या, एकीवर एक ठेवल्या, दाराला कडी घातली.

"मावशी, कुठं निघालीस?"

"देवाचं ऱ्हाऊन कसं चालंल?"

"गुडघं न्हाईत तुझं. सांजपातूर तरी पोचशील काय?"

"पोचंन न्हायतर वाटंत बसंन. देव बघतोय की." तिनं पिशवी उचलली.

ती डोंगराकडं जाणाऱ्या वडणग्याच्या वाटेला लागली, भिंतीला हात लावत, एकेक पाऊल पारखून टाकत. तरणी पोरं तिला ओलांडून पुढं जात होती. ज्ञानू बघत राहिला. मग त्यानंही चपला काढल्या, तिच्या चपलांशेजारी ठेवल्या आणि मागून जाऊन पिशवीचा बंद धरला.

"डोंगर चढू नको म्हणलीस," तो म्हणाला. "पायथ्यापातूर येतो."

तिनं पिशवी सोडली.