भुकटीच्या डोंगराला गिऱ्हाईक

सलग तिसऱ्या महिन्यात फेरोसिलिकॉनची मागणी घसरली आणि मालकांनी तीनपैकी दोन भट्ट्या थंड केल्या. वितळलेल्या पोलादातला प्राणवायू काढायला हे राखाडी, चकाकते खडे घालतात. पोलाद बनतंय तोवर आपल्याला मरण नाही, असंच सगळे धरून चालले होते. आता तिसरी भट्टीही महिनाअखेरीस बंद व्हायची होती. तिचे मुख्य भट्टीवाले म्हणजे विक्री विभागातल्या बाईंचे सासरे.

"बाजारच बसलाय, त्याला कोण काय करणार?" मालक म्हणाले.

सूनबाईंना ते पटेना. सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाचा पोलाद कारखाना तर तिन्ही पाळ्यांत चालू होता. मग तो खडे घेतो कुणाकडून?

"मी जाऊन बघते."

"जा. हात हलवत परत याल."

तिथल्या खरेदी साहेबांनी दोन तास बसवून ठेवलं आणि "मंदी आहे हो" म्हणून वाटेला लावलं. बाई गेटकडे वळल्याच नाहीत. हेल्मेट मागून घेतलं आणि थेट माल ठेवायच्या शेडमध्ये गेल्या. तिथे दोन माणसं घणाने बाईंच्याच कारखान्याचे उरलेले खडे फोडत होती.

पोलाद वितळवणारे मिस्त्री भट्टीच्या आवाजाची सवय असल्याने ओरडूनच बोलत. "माल तुमचा अस्सल, पण आकार बघा! एक डोक्याएवढा, एक राईएवढा. मोठा वेळेत विरघळत नाही, बारका वरच्यावर जळून जातो. म्हणून आम्ही लांबून चाळलेला माल आणतो."

"मग आम्हाला कळवायचं नाही का?"

"चार पत्रं धाडली, बाई! तुमच्याकडे वाचतं कोण?"

बाईंचा चेहरा पडला. पण त्यांनी विचारलंच, "आणि भुकटी? ती तर वायाच ना?"

"छे! पातळ पोलादी नळीत भरून तिची तार करतात. तार वितळलेल्या पोलादात खोल सोडली की भुकटी वरच्यावर जळत नाही. पलीकडचा तारवाला भुकटीसाठी दारोदार फिरतोय."

बाईंच्या कारखान्यात पत्र्याच्या शेडखाली वर्षानुवर्षांची कोरडी भुकटी डोंगरासारखी पडून होती.

मालकांनी सगळं ऐकून नकारार्थी मान हलवली. "नवी चाळणी यायला सहा महिने लागतील."

"कोळशाची जुनी चाळणी आहे की," मागून सासऱ्यांचा आवाज आला. घरी आमटीतल्या मिठावरूनही ज्यांचं सुनेशी एकमत होत नसे, तेच हे. "जाळ्या बदलल्या की झालं. मला चार दिवस द्या."

पाचव्या दिवशी एकसारख्या खड्यांचा ट्रक निघाला. मिस्त्रींनी त्यातले खडे घालून पोलादाचा एक घाणा काढला, मग आणखी दोन. दुपारी फोन आला. ते इतके ओरडत होते की मालकांनी फोन कानापासून लांब धरला, तरी अख्ख्या ऑफिसने ऐकलं: "वर्षभर हाच माल पाठवा! आणि तारवाला तुमच्या गेटवर पोचेलच आता!"

तो खरंच पोचला होता. दोन रिकामे ट्रक घेऊन.

सोमवारी सकाळी दुसरी भट्टी सुरू करायची होती. सगळी पाळी जमली. सासऱ्यांनी हातमोजे काढले, सुनेला पुढे बोलावलं आणि नियंत्रण फलकावरचं हिरवं बटण दाखवलं.

"बाबा, हा तुमचा मान आहे."

"अगं, तीस वर्षं मी भट्टी पेटवतोय. मागणी कुणी पेटवली? दाब!"

तिने बटण दाबलं. भट्टीतले विजेचे इलेक्ट्रोड खाली उतरले, जमीन थरथरली, आणि टाळ्या त्या घरघराटात बुडून गेल्या.