जावयाचा बोर्ड

कंपन-चाचणीच्या खोलीत बाईंची बावीस वर्षं गेली होती. थरथरणाऱ्या टेबलावर बोर्ड आवळायचा, टेबल चालू करायचं आणि काय तुटतंय ते बघत बसायचं, हे त्यांचं काम. काही तुटलं की बोर्ड बनवणारे हमखास म्हणत, तुमचं टेबलच बिघडलंय. त्यामुळे इस्त्रीच्या शर्टातल्या इंजिनिअरांना बाई कवडीचीही किंमत देत नसत. नेमका त्यातलाच एक त्यांचा जावई झाला.

एकदा तो स्वतःच बोर्ड घेऊन आला. रोड रोलरचं इंजिन सांभाळणारा मायक्रोकंट्रोलर त्यावर बसवला होता. तो खास वाहनांसाठीचा, महागातला आहे, हे त्याने दोनदा ऐकवलं. ऑफिसात महिनाभर बिनतक्रार चालला होता म्हणे. ऑफिसात काय, माझा चष्माही टिकतो, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण जावई पडला, म्हणून त्यांनी नुसती खुर्ची पुढे केली.

अकराव्या मिनिटाला बोर्डावरचा दिवा विझला, लागला, पुन्हा विझला. कंट्रोलर सारखा बंद पडून नव्याने सुरू होत होता. जावयाने आधी वायरला दोष दिला, मग टेबलाला, शेवटी बाईंच्या स्क्रू आवळण्याला. बाईंनी टेबल थांबवून बोर्ड भिंगाखाली धरला. कंट्रोलर ठणठणीत होता. त्याच्या शेजारचा उंच कपॅसिटर मात्र हलून हलून एका पायाशी तुटला होता, म्हणून कंट्रोलरला वीज नीट पोचत नव्हती. बुडाशी गोंदाचा एक ठिपका लावला असता तर तो जागचा हललाही नसता.

जावई म्हणाला, हे किरकोळ आहे, पुढच्या खेपेला बघू. तूर्त पास लिहून टाका, घरचंच काम आहे.

"तापलेल्या डांबरावर रोलर बंद पडला की चालवणारा शिव्या खातो, जावईबापू," बाई म्हणाल्या. "तुम्ही तेव्हा ऑफिसात असता." आणि त्यांनी नापास लिहिलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. एका सहीने तुझं काय बिघडलं असतं, असं तिने विचारलं. माझं काहीच नाही, असं म्हणून बाईंनी विषय संपवला.

जावयाने दुसरीकडून पासचा कागद मिळवला. चार महिन्यांत रोलर जागोजागी थांबू लागले. कंपनीने सगळे बोर्ड परत मागवले.

पुढच्या रविवारी लेक आणि जावई चहाला आले. कंपनं सोसण्याची एक नवी पद्धत आपण शोधून काढली आहे, असं जावयाने सांगितलं. कपॅसिटरच्या बुडाशी गोंद लावायचा. लेक कौतुकाने त्याच्याकडे बघत होती. बाईंना हसावं की कपाळाला हात लावावा, कळेना. त्यांनी फक्त गोंद कुठला ते विचारलं. त्याने नाव सांगितलं.

"तो वाळून कडक होतो आणि तडकतो," बाई म्हणाल्या. "रबरासारखा मऊ राहणारा घ्या."

जावयाने निमूटपणे फोन काढला आणि लिहून घेतलं.