दिसून राहिलं

केशवरावांनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. तो घसरला. त्यांनी तांब्या भिंतीकडे सरकवला आणि पुन्हा टेकवला, तेव्हा तो राहिला. कारध्याच्या विहारातलं टेबल बुटकं होतं. फोनकडे पाहायचं तर सगळ्यांनाच खाली बसावं लागणार होतं. पांढरी पातळं नेसलेल्या सात-आठ बायका सतरंजीवर दाटीवाटीनं बसल्या.

"भाऊजी, जरा इकडं वळवा न. एकट्या तुमालेच दिसन, आमाले काय दिसन?" शेजारच्या शकुनबाई म्हणाल्या.

"आधी फोन तं येऊ द्या."

"येईन वो. पोरगी म्हणे न, तिथं पोचलो का लावतो म्हणून."

पोरगी म्हणजे केशवरावांची नात, खुशबू. त्यांच्या पत्नी तुळसाबाईंना जाऊन आज वर्ष झालं होतं. त्यांना एकदा लुंबिनी पाहायची होती, ती राहून गेली. म्हणून मुलगा विनोद बायकोला आणि मुलीला घेऊन तिकडे गेला होता. आईच्या नावानं तिथं मेणबत्ती लावायची आणि इथं विहारात सगळ्यांना ती फोनवर दाखवायची, असं ठरलं होतं. केशवरावांचंही तिकीट काढतो, असं विनोद म्हणाला होता. गुडघे साथ देत नाहीत, असं केशवरावांनी सांगितलं. तेच गुडघे घेऊन ते रोज वैनगंगेच्या पुलावरून भंडाऱ्याला चालत जात आणि चालत येत, हे विनोदला माहीत होतं.

फोन तुळसाबाईंचा होता. केशवरावांचा स्वतःचा बटनांचा होता. तुळसाबाईंचा फोन त्यांनी वर्षभर चार्ज करून ठेवला होता, कारण घरातल्या सगळ्यांचा ग्रुप त्याच्यावर होता. ग्रुपवर ते काही लिहीत नसत. नुसतं पाहत.

सोनौलीला नेपाळची सीमा ओलांडली तसे तिकडच्या तिघांचेही फोन बंद पडले. दोन दिवस काहीच कळलं नाही. "पोचले काय" असं केशवरावांनी शकुनबाईंकडून लिहून घेऊन पाठवलं, तर त्याच्यापुढं एकच टिक आली आणि तशीच राहिली. तुळसाबाई असती तर म्हणाली असती, नेट नसन, तुम्ही जेवून घ्या. घरात असं म्हणणारं कोणी नव्हतं. त्यांनी भात शिजवला आणि झाकून ठेवला. तिसऱ्या दिवशी अनोळखी नंबरावरून फोन आला.

"आबाजी, मी खुशबू! इथलं सिम घेतलं. बाबाच्या फोनमध्ये टाकलं. मी अन् मम्मी त्यायच्याच हॉटस्पॉटवर आहो. बाबा दूर गेले का आमचं नेट जाते, म्हणून आम्ही त्यायले कुठंच जाऊ देत नाही."

केशवराव हसले. हसल्यावर त्यांनी खोलीत इकडेतिकडे पाहिलं.

आता विहारात सत्यभामाबाई विचारत होत्या, "नेपाळ परदेश कसा वो शकुन? बसनं जाते न मानूस तिथं."

"जिथं आपलं सिम मरते तो परदेश."

"मंग तं माहं माहेर परदेशच होय. एकोडीले आमच्या घरात फोनच लागत नाही. वावरात जावं लागते बोलाले."

"तरीच तुम्ही माहेरून येता तं इमानातून उतरल्यावानी चालता."

बायका हसल्या. केशवराव फोनकडेच पाहत होते.

विनोदचा फोन पूर्वी यायचा तो आईला. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढच्या वर्षी, दोन हजार साली, तो चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत लागला, आणि तेव्हापासून तिथल्याच वस्तीत राहत होता. कामाची पाळी संपवून खाणीतून वर आला की तो आईला फोन करायचा. ती अर्धा-अर्धा तास बोलायची. केशवराव बाजूला बसून ऐकायचे. शेवटी ती विचारायची, बाबाशी बोलतं का? आणि दोन्ही टोकांनी एकच उत्तर यायचं, राहू दे.

ती गेल्यावर फोन केशवरावांना येऊ लागला.

"बरं आहे?"

"बरं आहे. पाळी झाली?"

"हाव."

मग नुसती खरखर ऐकू यायची. कोण आधी ठेवतो, याची दोघेही वाट पाहायचे.

आईच्या मातीच्या दिवशी विनोद रडला नव्हता. खुर्च्या आणल्या, पाण्याचे ड्रम भरले, आलेल्यांना चहा मिळाला का ते पाहिलं. कार्यक्रम आटोपताच तो कामावर गेला. एकदा ओसरीत बसल्या बसल्या केशवराव शकुनबाईंना म्हणाले होते, "खाणीत राहून पोराचं काळीज दगडाचं झालं. तिच्यासाठी मीच एकटा उरलो रडाले."

फोन वाजला. शकुनबाईंनी पुढे वाकून हिरव्या खुणेवर बोट ओढलं. काचेवर आधी नुसता उजेड दिसला. मग विनोदची हनुवटी दिसली, मग सगळा चेहरा. खालून धरल्यामुळे तो रुंद दिसत होता. डोक्यावर दुपट्टा होता आणि पाठीमागे रंगीत पताकांची दोरी हलत होती.

"बाबा, ऐकू येते काय?"

"येते. खुशबू कुठं आहे?"

"मायलेकी आत जायच्या लाइनीत आहेत. आत फोटो काढू देत नाही म्हणे. खुशबूनं फोन लावून देल्ला अन् गेली. मी बाहेर आलो, दिवे लावतात तिथं. इथं ऊन लय आहे. मले काचेवर काहीच दिसत नाही, काळी पडली नुसती. तुमाले दिसून राहिलं न?"

केशवराव काचेकडे वाकले. विनोदच्या हनुवटीवरचे दोन दिवसांचे खुंट दिसत होते.

"हा पाहा, हा अशोकाचा खांब. याच्यावर लेहून आहे, बुद्धाचा जन्म इथं झाला म्हणून. अन् हे तळं. हे झाड पाहा केवढं आहे."

काचेवर विनोदचा चेहरा डावीकडे वळला, मग उजवीकडे.

"भाऊजी, त्यानं उलटा धरला," शकुनबाई हळूच म्हणाल्या. "त्याचंच तोंड दिसून राहिलं. सांगा न त्याले."

"सांगतो."

केशवरावांनी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात विनोद म्हणाला, "आता आईची मेणबत्ती लावतो," आणि खाली पाहू लागला.

मेणबत्ती दिसत नव्हती. ती लावणारा माणूस दिसत होता. तो खालचा ओठ दातात धरून काहीतरी करत होता. वारा असावा, कारण त्यानं दोनदा मान झटकली आणि पुन्हा वाकला. मग तो थांबला. त्याचे गाल आत ओढले गेले. डोळे गच्च मिटले आणि उघडले, आणि पाणी नाकाच्या दोन्ही बाजूंनी खाली आलं. दोन्ही हात गुंतलेले होते, त्यामुळे त्यानं ते पुसलं नाही. ते हनुवटीपर्यंत गेलं.

"पेटली," तो म्हणाला. आवाज रोजचाच होता, पाळी झाली असं सांगताना असायचा तसा. "दिसून राहिली का बाबा?"

"विनोद, अरे कॅमेरा..." शकुनबाईंनी सुरुवात केली.

केशवरावांनी मागे न पाहता हात वर केला. शकुनबाई थांबल्या.

"दिसून राहिली," केशवराव म्हणाले.

"नीट दिसते न?"

"नीट दिसते."

सत्यभामाबाईंना कमी दिसत असे. त्या पुढे सरकून म्हणाल्या, "कुठं आहे वो मेणबत्ती? मले काऊन दिसत नाही?"

"आहे, आहे," शकुनबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बसा चूप."

मग सगळ्यांनी मिळून त्रिशरण-पंचशील म्हटलं. नेटमुळे विनोदचा आवाज एका ओळीनं मागून येत होता. इथं बायकांची ओळ संपली की तिकडून ती एकट्याच्या आवाजात पुन्हा ऐकू यायची. दुसरं शील म्हणताना तो आवाज बंद झाला. बायका थोडा वेळ थांबल्या. मग त्यांनी पुढचं सावकाश म्हटलं, त्याला गाठता येईल असं. केशवरावांचे हात जोडलेले होते, पण ओठ हलत नव्हते. ते बघत होते.

म्हणून झालं. विनोदनं दुपट्ट्याच्या टोकानं तोंड पुसलं, दोनदा खाकरला आणि इकडेतिकडे पाहिलं. आपल्याला कोणी पाहिलं नाही ना, याची खात्री करणाऱ्या माणसासारखा.

"झालं बाबा. चांगलं झालं. ठेवू का मंग?"

"थांब."

"काय म्हणता?"

शकुनबाई उठल्या. त्यांनी सत्यभामाबाईंना काखेत हात घालून उठवलं आणि बाकीच्यांना डोळ्यानं खुणावलं. चहाचं पाहू, असं म्हणत बायका एकेक करून बाहेर गेल्या. विहारात केशवराव एकटे उरले. ते टेबलाजवळ सरकले. विनोदच्या कानावरचे केस पांढरे झाले होते. हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"ऊन आहे म्हणतं न. सावलीत हो."

"इथं सावली नाही बाबा. दिव्याजवळून हाललो तं वारा लागते तिले. मी आडोसा करून उभा आहो."

"मंग राह्य उभा."

"नेट सरन."

"सरू दे."

विनोद उभा राहिला. पताका हलत होत्या. कोणीतरी परक्या भाषेत बोलत त्याच्या मागून गेलं. या वेळी कोणी फोन ठेवायची वाट पाहत नव्हतं.

"विनोद."

"हं."

"मेणबत्ती आहे न पेटून? का विझली?"

विनोदनं मान वर केली. मग त्यानं फोन जवळ घेतला आणि दुसरा हात आडवा धरून काचेवर सावली केली. त्याचा चेहरा एकदम मोठा झाला. लाल झालेले डोळे थेट केशवरावांकडे पाहत होते. काचेच्या कोपऱ्यातल्या लहानशा चौकटीत तो स्वतःचाच चेहरा पाहत होता, हे केशवरावांना कळलं. त्यांनी नजर हलवली नाही.

बराच वेळ तो तसाच पाहत राहिला.

"आहे बाबा," तो म्हणाला. या वेळी आवाज रोजचा नव्हता. "पेटूनच आहे."

त्यानं कॅमेरा फिरवला नाही.