तेरावा महिना

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे, मलाही. पण नऊ एप्रिलला सकाळी बेळ्ळंदूरच्या ऑफिसात मेल उघडली तेव्हा चिडायचं कुणावर, हेच मला कळेना. स्पेनच्या ज्या गोदीत आमचं प्रवासी जहाज पाच मेला जायचं होतं, तिथे आदल्या दिवशी क्रेन मोडली होती. तिचा लांबलचक हात गोदीत बसलेल्या दुसऱ्याच कंपनीच्या जहाजावर आडवा पडला होता. 'कंत्राटदाराचा एक कामगार जखमी. गोदी किमान सात आठवडे बंद.' यातलं दुसरं वाक्य मी तीनदा वाचलं. पहिलं एकदाच. हे मला पुढे फार लागलं, म्हणून आधीच सांगून टाकते.

माझं काम ऐकून लोक हसतात. बंगळूरला समुद्र सोडा, धड तळंही उरलेलं नाही, आणि मी इथे सातव्या मजल्यावर बसून जहाजांच्या दुरुस्तीची वेळापत्रकं करते. पण काम खरं आहे. दर काही वर्षांनी जहाज पाण्याबाहेर काढावंच लागतं. गोदीत पाणी भरायचं, जहाज आत घ्यायचं, दार लावून पाणी उपसायचं. जहाज ठोकळ्यांवर बसतं. मग त्याचं पोट खरवडायचं, रंगवायचं, पंख्याचा दांडा तपासायचा. एवढं मोठं जहाज मावेल अशा गोद्या मोजक्या, आणि प्रवाशांची तिकिटं वर्षभर आधी विकलेली. त्यामुळे एका गोदीत अपघात झाला की मागे रांगेत असलेल्या सगळ्या जहाजांच्या तारखा एकीवर एक कोसळतात. कोसळलेल्या तारखा उचलून पुन्हा रचायच्या, हे माझं काम.

या खेपेला मात्र त्या तारखांत माझीही एक तारीख होती.

माझा धाकटा भाऊ प्रणीत त्याच जहाजावर इंजिनियर आहे. आमचे अप्पा, भीमाचार्य, बँकेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. ते यंदा सत्तर पुरे करणार होते. सत्तरीला आमच्यात भीमरथी शांत करतात: होम, पूजा आणि शेवटी आईवडिलांना पाटावर बसवून मंतरलेल्या पाण्याचा अभिषेक. त्यातला पहिला कलश मुलानं ओतायचा. साठीच्या शांतीला प्रणीत समुद्रात होता. पहिला कलश चुलतभावानं ओतला, आणि अप्पा डोळ्यांतलं पाणी कलशाच्या पाण्यात लपवून बसले. वर म्हणाले, "झालं ते बरं झालं. पुन्हा असलं काही करू नका."

म्हणूनच या खेपेला आम्ही त्यांना विचारलंच नाही. आईकडून तिथी काढून घेतली, ज्येष्ठ शुद्ध दशमी. फोनवरच्या कॅलेंडरात बघितली, सव्वीस मे निघाली. प्रणीतनं सहा महिने आधी रजा टाकली. जहाज वीस मेला गोदीतून बाहेर पडणार, एकवीसला तो उतरणार, सव्वीसला पाटासमोर कलश घेऊन उभा. भटजींना महिनाभर आधी सांगायचं आणि अप्पांना आदल्या दिवशी. सगळं कसं चोख बसलं होतं. आणि मग ती क्रेन.

माझे साहेब मुकुल हे पुण्याचे. दोन दिवसांनी ते माझ्या टेबलापाशी आले. "भार्गवी, दोन ऑप्शन्स मिळालेत. पोर्तुगालचं छोटं यार्ड चार मेला घेतंय, पण आठच दिवस. रंग आणि तपासणी होईल. दांड्याच्या सीलचं काम दिवाळीनंतर ढकलावं लागेल. नाहीतर इटलीचं मोठं यार्ड, चोवीस मे ते बारा जून. सगळं काम होईल, पण सर्टिफिकेटची मुदत वाढवून घ्यायची आणि दोन सफरी कॅन्सल. रेकमेंडेशन तू दे. तुझा भाऊ त्या शिपवर आहे, मला माहितेय. तरी तूच दे."

"तरी का?" मी जरा तिरसटपणेच विचारलं.

"कारण ते जहाज तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही."

गोडगोड बोलून माणसाला अडकवणं म्हणतात ते हे. पहिला पर्याय घेतला तर प्रणीत घरी. दुसरा घेतला तर सील बदलेपर्यंत तो जहाज सोडू शकत नव्हता, कारण ते काम त्याच्याच देखरेखीखालचं. पंख्याचा दांडा जिथून जहाजाबाहेर जातो तिथलं हे सील. आतलं तेल आत आणि बाहेरचा समुद्र बाहेर राखायचं काम त्याचं. ते झिजलंय हे आम्हाला ठाऊक होतं. किती, यावर सगळं होतं.

मी प्रणीतला फोन लावला. इंजिनाची घरघर ऐकू येत होती.

"तेल किती जातंय रे?"

त्याला अपघाताची बातमी होती, दोन्ही यार्डांची नावंही त्याच्यापर्यंत पोचलेली असणार. 'दोन लिटर' म्हणाला असता तर मी छोटं यार्ड लिहिलं असतं आणि कुणी मला बोल लावला नसता.

"दिवसाला सहा, अक्का."

"गेल्या महिन्यात दोन होतं."

"हो. वाढतंय." मग म्हणाला, "वर अठराशे प्रवासी असतात. दिवाळीपर्यंत मी नाही भरवसा देणार."

"म्हणजे मोठं यार्ड."

"मोठंच घे. अप्पांना..."

"अप्पांचं मी बघते. तू तुझं सील बघ."

"सरी, अक्का," तो कानडीत म्हणाला, म्हणजे बरं. लहानपणी मी त्याच्या हातातून पतंग काढून घेतला की असाच म्हणायचा.

रिपोर्ट मी अर्ध्या तासात लिहिला, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. राग आला होता. क्रेनचा, स्पेनचा, सीलचा, आणि सगळ्यांत जास्त त्या पोराच्या खरेपणाचा. तो खरं बोलणाराच निघाला, कारण अप्पांनीच त्याला तसं वाढवलं. आता त्याचंच फळ अप्पांच्या पदरात पडणार होतं.

रविवारी जयनगरला आईअप्पांकडे गेले. आईनं बिशी बेळे भात केला होता. मी दोन घास चिवडून ताट सरकवलं तसं आई म्हणाली, "काय झालं गं? तुला बिशी बेळे भात नको म्हणजे ऑफिस बुडालं की काय?"

"दुष्काळात तेरावा महिना," मी म्हटलं आणि सगळं ओकून टाकलं. अप्पांपासून लपवण्यात आता काही अर्थच उरला नव्हता. शांत, रजा, क्रेन, सहा लिटर, सगळं सांगितलं. "आणि अप्पा, पुन्हा तो नसणार. मीच लिहून दिलंय. माझ्या सहीनं."

अप्पांनी शांतपणे ताक संपवलं. "पोरानं सहा सांगितलं?"

"हो."

"आणि तू सहाच लिहिलंस?"

"मग काय दोन लिहू?"

"तसं नव्हे गं." त्यांनी ताकाचं भांडं खाली ठेवलं. "माझी शांत झालीच म्हणायची." मग त्यांनी विचारलं, "तारीख कुठली धरलीत?"

"सव्वीस मे."

अप्पा उठले, खिडकीजवळचं पंचांग घेऊन आले आणि चष्मा चढवला. बराच वेळ बोट फिरवत राहिले. आधी त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे. हसू आवरेना म्हणून खुर्चीवर बसले.

"यंदा ज्येष्ठ दोन आहेत, भार्गवी. तुम्ही पहिला धरलात. तो अधिक."

"म्हणजे?"

"म्हणजे हाच तो तेरावा महिना! अधिकात कुणी शांत करतं का? माझी दशमी निज ज्येष्ठातली. चोवीस जून." ते आईकडे वळले. "अनुसूया, तुझी मुलगी जगातल्या जहाजांच्या तारखा सांभाळते आणि बापाचा महिना चुकते."

आई म्हणाली, "मला तिथी विचारली, तिथी सांगितली. महिना दोनदा येतोय हे मला कुणी विचारलं?"

बारा जूनला जहाज गोदीबाहेर. चौदाला प्रणीत उतरणार. चोवीसला दहा दिवस शिल्लक. मी बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं. जुनं वेळापत्रक पाळलं असतं तर तो मे महिन्यात आला असता, रजा संपवून गेला असता आणि खऱ्या दशमीला पुन्हा कुठल्या तरी समुद्रात असता. भटजींना सांगायला गेलो असतो तेव्हा हे कळलं असतं, पण तोवर त्याची रजा मंजूर आणि बदली माणूस ठरलेला. मी आईच्या पदरात तोंड खुपसून रडले आणि हसलेही. देवाचे, पंचांगाचे, मुकुलसाहेबांचे, कुणाकुणाचे आभार मानू असं मला झालं. त्या क्रेनचेसुद्धा मानून मोकळी झाले. "पडली ते बरं झालं बाई," मी म्हणाले.

अप्पांचं हसणं थांबलं.

"तिच्याखाली जो माणूस होता त्याचं काय झालं?"

मी आईच्या पदरानं डोळे पुसले.

"नाव काय त्याचं?"

"मेलमध्ये नाव नसतं, अप्पा. 'एक कामगार' एवढंच असतं."

अप्पा उठले. पंचांग मिटून जागेवर ठेवलं. त्यापेक्षा ओरडले असते तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी मी स्पेनच्या यार्डातल्या तेरेझाला फोन केला. चार वर्षं आम्ही तारखांवरून भांडत आलोय. मी कामगाराची चौकशी करतेय म्हटल्यावर ती आधी सावध झाली. वाटलं असावं, भरपाईचं काही प्रकरण आहे. माझ्या वडिलांनी नाव विचारलंय म्हटल्यावर तिनं सगळं सांगितलं. एलिसेओ. वय एक्कावन्न. परांचीच्या खालच्या फळ्यांवर दोघे होते. वर आवाज झाल्याबरोबर त्यानं दुसऱ्याला ढकलून बाहेर काढलं. दोन्ही पायांची ऑपरेशनं झालीत. काठीनं चालेल म्हणतात. "तुम्ही पहिल्या," ती म्हणाली. "बाकी सगळ्यांनी गोदी कधी उघडणार एवढंच विचारलं." मीही तेच विचारलं होतं, पहिल्याच दिवशी. ते तिनं काढलं नाही, हा तिचा चांगुलपणा. नाव आणि सगळी हकिगत मी अप्पांना लिहून पाठवली.

चोवीस जूनला जयनगरच्या घरी अंगणात पाट मांडले. प्रणीत दहा दिवस आधीच आला होता. आईनं त्याला इतकं खाऊ घातलं होतं की सोवळ्याची गाठ बसेना. रघुनंदनाचार्य भटजी संकल्पाला बसले. अप्पांनी आपलं नाव, आईचं नाव, आम्हा मुलांची नावं सांगितली, आणि मग म्हणाले, "अजून एक. एलिसेओ."

भटजींनी मान वर केली. "कोण हे?"

"यांच्या पायांना बळ आणि आयुष्य मागायचंय."

"पण गोत्र?"

आमच्यात ज्याचं गोत्र ठाऊक नसतं त्याला काश्यप म्हणतात. भटजींना ते माहीत नव्हतं असं नाही. त्यांना अप्पांच्या तोंडून हवं होतं.

"काश्यप," अप्पा म्हणाले.

"सरी," भटजी म्हणाले, आणि त्यांनी ते नाव नीट, न अडखळता उच्चारलं.

पहिला कलश प्रणीतनं उचलला. तेलानं काळवंडलेली नखं घासूनही गेली नव्हती. त्यानं आईअप्पांच्या डोक्यावर धार धरली तेव्हा अप्पांनी या खेपेला डोळे लपवले नाहीत. पाणी संपत आलं तसे ते म्हणाले, "थांब, सगळं ओतू नकोस. थोडं त्याच्या नावानं ठेव."

प्रणीतनं कलश सरळ केला. तळाशी राहिलेलं पाणी आम्ही दोघांनी मिळून अंगणातल्या तुळशीला घातलं, आणि मी पहिल्यांदाच ते नाव मोठ्यानं घेतलं.