लाल पट्टा नसलेला ट्रे

आर्वेल हॅच टायरच्या दुकानातून निवृत्त झाला, तेव्हा मालकाने त्याला घड्याळ दिलं. चाकांना लावायची जुनी शिशाची वजनं मात्र त्याने स्वतः मागून घेतली, चांगल्या तीन बादल्या भरून. घड्याळ केव्हाच बंद पडलं. शिसं अजून पुरतंय. दर गुरुवारी शेडचं दार सताड उघडायचं, पंखा लावायचा, शिसं वितळवायचं आणि आपल्या पंचेचाळीस कॅलिबरच्या पिस्तुलासाठी गोळ्या ओतायच्या, हा त्याचा उद्योग. रिव्हॉल्व्हर बिचारं काहीही घालाल ते गिळतं. हे आपोआप भरणारं पिस्तूल म्हणजे नवा जावई! गोळी केसभर जाड झाली की बसलंच रुसून. म्हणून काडतूस भरून झालं की आर्वेल ते पिस्तुलाच्या सुट्या काढलेल्या नळीत टाकून बघायचा. टप् असा आवाज आला की पास.

साठलेलं उरलंसुरलं शिसं तो दर तीन-चार महिन्यांनी मफिनच्या ट्रेमध्ये ओतून ठेवायचा. सहा खळगे, सहा वड्या. त्या गुरुवारी पळी भरून घेतली आणि बघतो तर ट्रे जागेवर नाही.

"नेड्रा! माझा ट्रे कुठे टाकलास?"

"कुठला ट्रे?" बायको स्वयंपाकघरातूनच ओरडली. "लाल पट्ट्याचा तो तुझा, बिनपट्ट्याचा तो माझा. ठरलंय ना आपलं?"

ठरलेलं होतं, तीस वर्षांपासून. शिसं लागलेलं भांडं चुकूनही चुलीकडे जायला नको, म्हणून शेडमधल्या प्रत्येक भांड्याला लाल रंगाचा पट्टा. नेमबाजीच्या क्लबात नवा माणूस आला की आर्वेल घसा कोरडा करून हेच सांगायचा. पण ह्या ट्रेचा रंग उष्णतेने जळून गेला होता आणि आज रंगवू, उद्या रंगवू करत साहेबांनी दोन उन्हाळे काढले होते.

नेड्रा हात पुसत दारात आली. "माझा ट्रे ढापलास तो ढापलास, वर काय दशा केली होतीस रे त्याची! तारेच्या घासणीने घासून अगदी आरसा केला आणि चर्चच्या जुन्या बाजारात दिला. ती कोपऱ्यावरची ब्रिंडी घेऊन गेली."

"कधी?"

"झाले की दोन महिने. अरे, असा काय बघतोयस?"

आर्वेलने भरलेली पळी भांड्यात परत ओतली. ब्रिंडीला दोन वर्षांची पोरगी होती.

त्याचा चेहरा बघूनच नेड्राला कळलं. ती पायरीवर बसली. "साबण लावून घासला होता रे मी. दोनदा."

"साबणाने नाही जात ते, बाई," तो म्हणाला. चूक तिची नव्हती, हे तिला सांगायलाही तो थांबला नाही.

बाजारातून त्याने नवाकोरा ट्रे घेतला आणि ब्रिंडीच्या घराकडे निघाला. खरं काय ते सांगायचं, असं त्याने मनाशी घोकलं होतं. पण तीन चौक गेले तसं ते खरं लहान होत गेलं. ब्रिंडीला कशाला घाबरवायचं? ट्रे परत मिळाला म्हणजे झालं. आणि गावात तोंड दाखवायचं कसं?

"ब्रदर हॅच! या की आत," ब्रिंडी म्हणाली. चर्चमधले सगळे त्याला असंच म्हणायचे. घरातही तिने नवऱ्याचं भलंमोठं जाकीट घातलं होतं.

"तो मफिनचा ट्रे," आर्वेल म्हणाला. "माझ्या आईचा होता. नेड्राने चुकून दिला. त्याच्या बदल्यात हा नवा घे."

"अय्या, मग आधी नाही का सांगायचं! थांबा, आत्ताच ओव्हनमधून काढलाय." तिने सहा मफिन ताटलीत उलटले, ट्रे पुसला, वर दोन मफिन कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिले. टेबलाशी ब्रिंडीची पोरगी बसली होती, ओकली तिचं नाव. मुठीत मफिन, गाल फुगलेले. तिने आर्वेलला हात हलवून टाटा केलं.

तो गाडीत जाऊन बसला. सुटलास लेका, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि स्वतःचीच त्याला इतकी शिसारी आली की किल्ली फिरवेना. तो उतरला, परत गेला आणि दार उघडताच सगळं एका दमात बोलून टाकलं. आई खोटी, आठवण खोटी, ट्रेमध्ये वीस वर्षं शिसं ओतलंय.

ब्रिंडी आधी हसली. थट्टा वाटली तिला. मग ती धावली आणि ओकलीच्या तोंडात बोट घालून घास उपसायला लागली. पोरगी किंचाळली, चावली.

"बघत काय बसलात? डोकं धरा तिचं!"

आर्वेलने ते इवलंसं डोकं दोन्ही हातांत धरलं.

आर्वेलनेच गाडी काढून दोघींना दवाखान्यात नेलं. नर्सने ओकलीच्या बोटाला टोचलं आणि रक्तातलं शिसं मोजायच्या यंत्रात थेंब घातला. थोड्या वेळाने वाकून आकडा बघितला. "काळजीचं काही दिसत नाही. किती खायची ही?"

"ही कसली खातेय! वरचे बेदाणे वेचते आणि बाकीचं थुंकते. मघाशीसुद्धा नुसता गालात धरून बसली होती."

आर्वेलच्या छातीवरचा धोंडा उतरला. देवा, वाचवलंस रे बाबा, असं तो पुटपुटलासुद्धा.

"मग ते संपवायचं कोण?" नर्सने सहज विचारलं.

ब्रिंडीने जाकिटाची चेन खाली ओढली. आत पोट दिसत होतं, लहानसं पण दिसण्याजोगं.

"सकाळी दुसरं काही टिकतच नाही पोटात," ती म्हणाली. "चौथा महिना आहे. आम्ही अजून कुणाला सांगितलेलं नाही."

नर्सने दुसरी सुई काढली. ब्रिंडीने बाही वर केली आणि घर सोडल्यापासून पहिल्यांदाच आर्वेलच्या डोळ्यांत बघितलं.

"रोज दोन खायचे मी, ब्रदर हॅच. एकही चिकटत नाही म्हणून त्या ट्रेचं कौतुक करत करत."