भिंगरीचं अठरावं वर्ष

बालगृहाच्या जेवणघरात सकाळची गडबड चालू होती. बेचाळीस मुली, चहाची दोन पातेली आणि शाळेची वेळ अगदी डोक्यावर आलेली. त्या कलकलाटात एक मुलगी खिडकीपाशी उजेडात बसून धाकट्यांचे चष्मे दुरुस्त करत होती. कुणाची दांडी सैल झालेली, कुणाची काच निसटलेली. जवळ हत्यार म्हणून एक बारीक सुई, बाकी सगळं नखांवर.

तिला लहानपणापासून स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आई-वडील गेल्यावर सातव्या वर्षी ती इथे आली. आता सतरा सरत आलं होतं.

वर्षातून एकदा मुलींचे डोळे तपासायला एक म्हातारे चष्मेवाले येत. मुली त्यांना आजोबा म्हणत. त्यांनी भिंगरीचा हा उद्योग पाहिला आणि दर शनिवारी तिला आपल्या छोट्याशा कारखान्यात बोलवायला सुरुवात केली. तिथे ती काचेच्या कडा घासायला शिकली. फिरत्या सहाणेवर काच किती वेळ धरायची, कुठे हलकी उचलायची, हे तिला सांगावं लागत नसे.

"अहो ताई," एक दिवस आजोबा बालगृहाच्या अधीक्षिकेला म्हणाले, "ही भिंगरी माझ्या भिंगांसाठीच जन्माला आलीये. हिच्या बोटांना डोळे आहेत. द्या माझ्याकडे शिकाऊ म्हणून. फक्त सरकारी नोंद रीतसर हवी. बिननोंदीची पोर मशीनवर बसवली, तर या वयात मला कोर्टाची पायरी चढावी लागेल."

अधीक्षिकेला आनंद झाला. अठरा वर्षं पूर्ण झाली की मुलीला बालगृह सोडावंच लागे. कुठे जाणार, हा प्रश्न दरवेळी तिच्या छातीवर दगडासारखा असे. इथे तर मुलीने आपली वाट आपणच शोधली होती. राहिली होती ती कागदपत्रं.

भिंगरी आधी रोजगार कचेरीत गेली. तिथला साहेब भला माणूस. त्याने तिला खुर्ची दिली आणि म्हणाला, "शिकाऊ म्हणून नोंद करतो की! प्रशिक्षण केंद्राचा प्रवेश-दाखला आण, लगेच करतो."

प्रशिक्षण केंद्र त्याच इमारतीत, दोन मजले खाली. तिथल्या बाई म्हणाल्या, "प्रवेश देऊ गं, पण पत्ता हवा. बालगृहाचा चालणार नाही. वर्ग सुरू होतील तेव्हा तू अठराची झालेली असशील, म्हणजे तिथे राहत नसशील. नोकरदार मुलींच्या वसतिगृहात खोली मिळव, त्यांचं पत्र आण."

वसतिगृह रस्त्याच्या पलीकडे होतं. तिथल्या व्यवस्थापिकेने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "खोली रिकामी आहे. पण हे नोकरदार मुलींचं वसतिगृह आहे, बाळ. रोजगार कचेरीची नोंद दाखव, चावी घेऊन जा."

संध्याकाळी भिंगरी परत आली ती हसतच. "ताई, तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मी मधे उभी राहून वारा खाते!"

"थांब, मी पत्रं लिहिते," अधीक्षिका म्हणाली.

तिने तीन पत्रं लिहिली. पत्रांना उत्तरंही आली, आणि तीही सभ्य भाषेत. एकात 'योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित कार्यालयाकडे पाठवण्यात येत आहे' असं होतं, दुसऱ्यात नियमाचा क्रमांक होता, तिसऱ्यात शुभेच्छा होत्या. तिने पुन्हा लिहिलं. भिंगरी शाळा सुटल्यावर पुन्हा त्याच जिन्यांवरून वर-खाली करत राहिली. शिपाई तिला ओळखू लागला. "आलात का, मोठ्या साहेब?" म्हणून थट्टा करू लागला. आधी ती त्याला हसून उत्तर द्यायची, मग नुसतं हसायची, मग तेही थांबलं.

अधीक्षिका स्वतः मात्र त्या इमारतीत गेली नाही. बेचाळीस मुली, दोन आजारी, छत गळत होतं. खरं सांगायचं तर पत्राची नोंद जावक वहीत झाली, की आपलं काम झालं असं तिलाही वाटायचं.

अठरावा वाढदिवस पंधरा दिवसांवर आला, तेव्हा नियमाप्रमाणे नातेवाइकांना कळवण्यात आलं. भिंगरीला एक सख्खा काका होता. तो कडक इस्त्रीचा सदरा घालून हजर झाला. "रक्ताचं नातं आहे. पोरीला उघड्यावर थोडीच टाकणार? घरात काकू आहे, लहान भावंडं आहेत. पोटच्या पोरीसारखी राहील."

स्वयंपाकाच्या मावशींनी अधीक्षिकेला बाजूला ओढलं. "अकरा वर्षांत एकदा फिरकला नाही हा बाबा. पोर हाताशी आली आणि आता माया दाटून आली होय?"

"मावशी, मी तरी काय करू? नातेवाईक असताना मी तिला ठेवूच शकत नाही."

'नातेवाइकाच्या स्वाधीन' या रकान्यात तिने खूण केली आणि सही केली. सही करताना तिला सुटल्यासारखं वाटलं. पुढे कित्येक दिवस तिला लाज वाटत राहिली ती याच गोष्टीची.

काकाचा धुलाईचा व्यवसाय होता. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे अभ्रे, सगळं त्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये येई. भिंगरी पहाटे पाचला उठून ओल्या चादरींचे ढीग उपसू लागली. दुपारी त्या चादरी वाफेवर तापलेल्या दोन लोखंडी रुळांमधून सरकवायच्या, पलीकडून काकूने घड्या घालायच्या. काकू वाईट नव्हती. तीही तितकीच राबत होती, आणि जेवायला आधी भिंगरीला वाढत होती. पण चष्मेवाल्यांचा विषय निघाला की म्हणायची, "अगं, घरचं काम टाकून परक्यांकडे कशाला? लोक काय म्हणतील?"

भिंगरी रविवारी बालगृहात फोन करायची. "बरं आहे ताई." एवढंच बोलायची. अधीक्षिकेलाही घाई असायची. बरं आहे म्हणते म्हणजे बरंच असणार, असं ती धरून चालायची.

पाचव्या महिन्यात, एका दुपारी, चादरीचं टोक रुळांमध्ये दुमडलं. ते सरळ करायला भिंगरीने हात पुढे केला. रुळांपुढे बोटं अडवणारी जाळी नव्हती. मशीन बंद करायचं बटण भिंतीवर होतं, काकूपासून दहा पावलांवर. काकू धावली, पण दहा पावलं ती दहा पावलंच.

उजव्या हाताची चार बोटं गेली.

दवाखान्यात अधीक्षिका पोचली, तेव्हा काका बाहेर बाकावर बसून पोलिसाला सांगत होता, "कामगार कसली हो साहेब? घरचीच पोर आहे. घरात मदत करत होती." तो खोटं बोलत नव्हता, कारण कोणत्याही कागदावर ती कामगार नव्हतीच. विद्यार्थिनी नव्हती, शिकाऊ नव्हती, बालगृहाची मुलगीही उरली नव्हती.

आत भिंगरी जागी होती. हात पट्ट्यांमध्ये गुंडाळून वर टांगलेला. अधीक्षिका तिच्या उशाशी बसली.

"आजोबा येऊन गेले," भिंगरी म्हणाली. "ते रडले. मी त्यांना म्हटलं, रडू नका, चष्मा ओला होईल." ती जरा थांबली. "ताई, आता त्यांना दुसरी कुणीतरी मुलगी बघायला सांगा."

अधीक्षिका व्हरांड्यात आली आणि भिंतीला डोकं टेकून रडली. मग डोळे पुसले आणि तशीच, साडीसुद्धा न बदलता, त्या इमारतीत गेली. आयुष्यात पहिल्यांदाच.

त्या आठवड्यात तिघांनाही तिने बालगृहात आणलं. साहेब, केंद्राच्या बाई आणि वसतिगृहाच्या व्यवस्थापिका जेवणघरातल्या मुलींच्या बुटक्या बाकांवर गुडघे वर करून बसले. पहिल्या दोघांनी एकमेकांना लगेच ओळखलं. वर्षानुवर्षं जिन्यात नमस्कार करत होते, बोलले कधीच नव्हते.

अधीक्षिकेने भाषण केलं नाही. भिंगरीच्या अर्जावरचे तिघांचे शेरे तिने तारखांप्रमाणे एकामागून एक वाचून दाखवले. शेवटी आपली स्वतःची सहीही वाचली.

व्यवस्थापिका अवघडून म्हणाली, "ताई, फार वाईट झालं. पण नियमाने पाहिलं तर आमचं काही चुकलेलं नाही."

"कुणाचंच चुकलेलं नाही," अधीक्षिका म्हणाली. "माझंसुद्धा नाही. आणि त्या पोरीची चार बोटं गेली. आता मला सांगा, यात चुकलं कोण?"

मग साहेबाने खिशातून पेन काढलं. "पुढची मुलगी कोण आहे?" त्याने हळूच विचारलं.

पुढची मुलगी दीड महिन्यात अठराची होणार होती. तिला छापखान्यात काम शिकायचं होतं. यावेळी कागद घेऊन अधीक्षिका फिरली, मुलगी नाही. तिघांनी एकाच टेबलावर सह्या करायचं ठरवलं. 'इतर दोन नोंदी होण्याच्या अटीवर' असं एक वाक्य प्रत्येकाने आपल्या कागदावर लिहिलं आणि अडलेलं चाक फिरायला लागलं. नियम एकही मोडावा लागला नाही.

भिंगरी तेव्हा अधीक्षिकेच्याच खोलीत राहत होती. अधीक्षिकेने तिला पाहुणी म्हणून ठेवून घेतलं होतं, आणि वरून पत्र आलं तर उत्तर द्यायची तयारी ठेवली होती. त्या संध्याकाळी भिंगरी खिडकीशी बसून डाव्या हाताने अक्षरं गिरवत होती. अधीक्षिका उत्साहाने आत आली. "झालं गं तिचं! खोली मिळाली, दाखला मिळाला, नोंदही झाली. अकरा दिवसांत!"

भिंगरीचा चेहरा उजळला. "खरंच? बरं झालं, ताई. फार बरं झालं."

ती पुन्हा कागदाकडे वळली. एक अक्षर काढलं, दुसरं अर्धं. मग पेन थांबलं.

"अकरा दिवस?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. "मग माझ्या वेळी का नाही झालं, ताई?"